गुळाची मेर

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल सोनं देता देता ह्यांनी बॉम्ब टाकला. हातावर आपट्याचं पान ठेवलं, म्हणाले, "सोन्यासारखी राहा. आणि ऐक, घर विकतोय. पाडव्याला टोकन."

पान हातातच राहिलं माझ्या!

"कोणाला विचारून?"

"घर माझ्या नावावर आहे."

असं बोलले! सणाच्या दिवशी! एकतीस वर्षं मरोळच्या फॅक्टरीत पॅकिंगला उभी राहिले मी. निम्मा पगार ह्या चारकोपच्या घराच्या हप्त्यांत गेला. आणि नाव गुणाजीरावांचं. मे महिन्यात रिटायर झाले तेव्हा फॅक्टरीने ही डायरी दिली. पाच महिने कोरी ठेवली, म्हटलं काहीतरी छान घडलं की लिहीन. घ्या. घडलं!

ह्यांना गावी जायचंय. कायमचं. तिथे भावाच्या बागेत काम आहे म्हणे. अहो, गणपतीला गाव गोडच, मी कुठे नाही म्हणते. पण बारा महिने जाऊबाईंच्या हाताखाली? साठाव्या वर्षी? मी नाही जाणार. अजिबात नाही.

४ ऑक्टोबर

बोलणं बंद. जेवण वाढलं, ताट आपटून.

ऋतिकाला फोन केला. लेक मुलुंडला असते, तिला एवढंच कळतं की आई चिडली की तास गेला. सगळं ऐकून म्हणाली, "आई, नुसती चिडू नकोस ना. काहीतरी कर." आणि एक व्हिडिओ पाठवला. कुठला तरी माणूस घरच्या घरी काँक्रीट कालवून बागेला बॉर्डर करतोय, वर नक्षीबिक्षी. "तुला कधीपासून हवी होती ना?"

हवी होतीच. दारासमोर दहा फूट बाय चार फूट माती आहे आपली. अबोली, ओवा, अळू, मोगरा, आणि पानात पातोळ्या वाफवायला हळद. दर पावसाळ्यात ती माती वाहून घरांमधल्या चौकात जाते आणि सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशभाऊ वरच्या पट्टीत सुरू होतात. बारा वर्षं मी ह्यांना सांगतेय, एक कड घाला. बारा वर्षं हे सांगतायत, बघू.

व्हिडिओ तीनदा पाहिला. आता मीच घालते. घर विकणाऱ्याच्या नाकावर टिच्चून घालते!

५ ऑक्टोबर, रविवार

हात लाल, कंबर गेली, पण काय मजा आली!

अर्धी गोणी सिमेंट, रेती, बारीक खडी, लाल ऑक्साइडची पुडी. जुन्या पलंगाच्या फळ्या ठोकून सहा साचे केले. फूटभर लांब, वीतभर उंच. वाकडे झाले. झाले तर झाले. शेजारच्या विनिताने मासळीचा जुना टब दिला कालवायला. ती गोराईची कोळीण, बाजारात बसते, तिच्या टबाला बोंबलाचा वास कायमचा. म्हणाली, "प्रेमाताय, तुझ्या बागेत आता मांजरा येतील बघ!" आणि स्वतःचे रबरी हातमोजे पण दिले. सिमेंट हात खातं ना.

हे ओट्यावर पेपर धरून बसलेले. पेपर उलटा नव्हता एवढंच. शेवटी राहवलं नाही.

"विकूच्या घराक मेर कित्याक?"

मेर म्हणजे त्यांच्या गावी शेताचा बांध. हे चिडले किंवा हळवे झाले की मालवणीत जातात, एरवी मुंबईचंच बोलतात. मी घाटकोपरची. मला मालवणी कळते सगळी, पण बोलत नाही. मी म्हटलं, "तुम्ही पेपर वाचा."

मग म्हणाले, "असली मेर दोन दिवसांत फुटतली. आमच्या गावची विहीर बघ. चुन्यात गूळ घातलेलो. शंभर वर्सां झाली, एक दगड हललो नाय!"

टोमणा होता. पण मी म्हटलं, फुकटचा सल्ला आहे, का सोडा? आत गेले, लिंबाएवढा गुळाचा खडा पाण्यात विरघळवला आणि दिला टबात ओतून. साच्यांना खोबरेल तेल लावलं, मोदकाच्या साच्याला लावतो तसंच. भरले. वर हळदीची पानं उलटी अंथरली आणि लाटणं फिरवलं. पातोळीवर कशा पानाच्या शिरा उमटतात, तशा उमटायला हव्यात.

व्हिडिओवाल्याला हे सुचलं नव्हतं हां!

६ ऑक्टोबर

बोट लावलं. ओलं. कोजागिरीचं दूध आटलं, सिमेंट नाही आटलं.

७ ऑक्टोबर

आज मुंग्या.

सहाही साच्यांना मुंग्यांची रांग! काँक्रीटला मुंग्या लागलेलं कोणी बघितलंय का? विनिता ओट्यावर बसून हसत सुटली, तिला ठसका लागला, पाणी मीच आणून दिलं.

तेवढ्यात चंद्रप्रकाशभाऊ आले. जन्मभर बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होते. वास घेतला, बोट चाटलं (चाटलं!) आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, गूळ चुन्यात चालतो हो! सिमेंटात साखर गेली की सिमेंट झोपतं. कधी उठेल ते देवाला माहीत."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी पेपर वर केला. पेपर हलत होता. हसत होते! दसऱ्यापासून पहिल्यांदा.

मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही. साचे टाकीच्या मागे नेऊन ठेवले. वाट लागली. फळ्या संपल्या, साचे अडकले, आणि पाडव्याला पंधरा दिवस.

८ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी मी फळांच्या खोक्याच्या पट्ट्या ठोकत बसले होते. हातोडी अंगठ्यावर बसली. ओरडले. हे उठले, माझ्या हातातून हातोडी काढून घेतली आणि म्हणाले, "हा साचा आहे? ह्याच्यातून माल सुटणार कसा?"

सरळ माळ्यावर चढले. पत्र्याची पेटी खाली आली. दोन वर्षांत उघडली नव्हती ती पेटी. हे इथल्याच इंडस्ट्रीत डाय, म्हणजे साचे, बनवायचे, चाळीस वर्षं. प्लास्टिकच्या बादल्या, मग, खुर्च्या, काय काय ह्यांच्या साच्यातून निघालंय. रिटायर झाले आणि पेटी वर गेली, हे सोफ्यावर आले.

दिवसभर खटखट, घासाघीस. जेवायला दोनदा हाक मारली. बाजूंना किंचित उतार दिला. म्हणाले, "सरळ भिंत ठेवली की माल धरून बसतो. उतार दिला की हात लावला तरी सुटतो." एका बाजूला बिजागरी, एका बाजूला खिटी. सहा साचे. सहाही असे की डोळे मिटून एकमेकांना जोडावेत.

मी विचारलं, "घर विकायचंय ना? मग हे कशाला?"

"वाकडं काम बघवत नाही मला," म्हणाले.

बोलणं सुरू झालं एकदाचं.

९ ऑक्टोबर

बिनगुळाचं काँक्रीट! एक घमेलं सिमेंट, दोन रेती, तीन खडी. पाणी हे घालतात, माझ्यावर विश्वास नाही. मी पानं लावते. लाटण्यावर ह्यांनी हक्क सांगितला तेव्हा मात्र भांडले.

११ ऑक्टोबर

सुटले!!

खिटी काढली, बिजागरी उघडली, ब्लॉक अलगद बाहेर. पान सोललं तर खाली शीर न् शीर उमटलेली. लालसर, मधोमध जाड रेघ, दोन्हीकडे बारीक. मी नाचले. खरंच नाचले, चौकात. विनिताने मोबाइलवर काढलंय, आता ते सगळीकडे जाणार. जाऊ दे!

हे खाली बसले. ब्लॉकवरून अंगठा फिरवत राहिले. मग चर खणला आणि सहाच्या सहा लावून टाकले पुढच्या बाजूला. लगेच दुसरे सहा भरले. संध्याकाळी सोफ्यावर न बसता बाहेर ओट्यावर बसले, तिकडेच बघत.

१२ ऑक्टोबर, रविवार

एजंट एका जोडप्याला घेऊन आला. केतन नाव मुलाचं, बायको पोटुशी. चांगली मुलं आहेत, हीच तर पंचाईत! खडूस असती तर सोपं गेलं असतं.

घरात पाच मिनिटं. बाहेर अर्धा तास! ती मुलगी ब्लॉकसमोर उकिडवी बसली. "अय्या, हळदीचं पान! केतन, बघ ना!" एजंट म्हणतो, "मॅडमनी तर घर शोपीस करून टाकलं." केतनने तिथल्या तिथे भाव वाढवला. पाडव्याला संध्याकाळी पाच वाजता टोकन, पक्कं.

म्हणजे मी घर राहावं म्हणून कड घातली आणि कडेमुळेच घर चाललं! माझ्यासारखी शहाणी मीच.

१३ ऑक्टोबर

हातोडी घेऊन बाहेर गेले होते. फोडून टाकते म्हटलं सगळं. विनिताने हात धरला. "बाय, फोडू नको गं. इतकी झकास केलीस." आणि तीच रडायला लागली. चोवीस वर्षं भिंतीला भिंत. तिची बाळंतपणं मी केली, माझ्या ऑपरेशनला डबा तिने आणला. दोघी रडलो, मग तिने सुरमई तळून आणली.

हातोडी ह्यांनी उचलून पेटीत ठेवली. दुसऱ्या सहांच्या खिट्या काढल्या. तेही सुटले, तेही लावले. मी बघायलाही गेले नाही.

१५ ऑक्टोबर

ब्लॉकना मारायला पाणी आणायला टाकीमागे गेले तर पाय ठेचकाळला. गुळाचे ब्लॉक! दहा दिवस मेल्यासारखे पडलेले. बोट लावलं, दगड! ठोकून बघितलं, खणखणीत!

ओरडून ह्यांना बोलावलं. चंद्रप्रकाशभाऊही धावत आले. म्हणाले, "गूळ बेताचा पडला म्हणून वाचलात वहिनी. झोप झाली, उठलं सिमेंट."

वाकडे आहेत सहाही, साचे माझे ना! पण फळ्या उचकटल्या तर पानं ह्या सहांवरच सगळ्यात सुरेख उमटलीत. ह्यांनी एक उचलला, कानाशी नेला, टिचकी मारली. "गुळाची मेर," म्हणाले. "माझ्या आवशीन बघूक होयी होती."

सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली. डोळे पुसायला वळले, मला काय कळत नाही?

१६ ऑक्टोबर

दुपारी चौकात सभाच भरली. विनिताला बॉर्डर हवी. तिच्या पलीकडच्यांना हवी. चंद्रप्रकाशभाऊंना सोसायटीच्या तुळशीभोवती गोल हवी. "गुणाजीराव, गोल साचा होईल का?"

"होईल की! चार तुकड्यांत करायचा." जमिनीवर खडूने काढूनच दाखवलं. कुठला उतार, कुठे बिजागरी. पोरंटोरं, बायका, सगळे वाकून बघतायत. ह्यांचा आवाज असा मोठा मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"मग कधी करायचं काका?"

"दिवाळीनंतर लगेच घेऊ..." म्हणाले. आणि उठले. खडू खिशात टाकून घरात गेले.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

अठरा पूर्ण! पुढे दहा, दोन्हीकडे चार चार. दाराजवळची बाजू गुळाच्या सहांनी सुरू होते, वाकडी, कोपरा वळून आणखी दोन फूट, मग सरळ. मी म्हटलं वाकडे मागे लपवूया. हे म्हणाले, "नाही. तेच दारात."

२० ऑक्टोबर

पहिली आंघोळ. प्रत्येक ब्लॉकवर एक पणती. अठरा पणत्या! अख्खा चौक बघायला आला. हे पहाटे चारला उठून ब्लॉकना पाणी मारत होते. दिवाळीच्या पहाटे! मी म्हटलं, अहो, आता झालं, पक्के झालेत ते. म्हणाले, "एकवीस दिवस मारावं लागतं."

एकवीस दिवस आहेत कुठे?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन झालं. लाह्या-बत्तासे खात ओट्यावर बसलो होतो. मी सरळच विचारलं. भांडायला नाही, नुसतं विचारलं. "गावात असं काय आहे, जे इथे नाही?"

बराच वेळ बत्तासा चघळला. मग म्हणाले, "हय माका कोण विचारता?"

एवढंच. दोन वर्षं सोफ्यावर बसून हा माणूस हेच चघळत होता आणि मला वाटायचं बातम्या बघतायत. मी सकाळी सातला मरोळला निघायचे, रात्री आठला यायचे. मीसुद्धा कुठे विचारलं? वाईट वाटलं. फार.

मी म्हटलं, "तुळशीच्या गोल साच्याचं काय?"

"आता शब्द दिलाय केतनला," म्हणाले, शुद्ध मराठीत. "परक्या पोरासमोर तोंडावर पडायचं का?"

म्हणजे मन फिरलंय, तोंड अडकलंय! पण ह्यांचं तोंड एकदा अडकलं की मी काय, प्रत्यक्ष सासूबाईसुद्धा सोडवू शकत नसत. उद्या पाच वाजता टोकन. झोप नाही येणार.

२२ ऑक्टोबर, पाडवा

काय दिवस! सगळं लिहितेच.

सकाळी चहा झाला आणि हे पहार घेऊन बाहेर. म्हटलं काय आता?

"मेर गावाक नेवया. तुझी मेहनत आसा. घर देवया, मेर देवची नाय."

मी बोलायच्या आत दाराजवळच्या पहिल्या गुळाच्या ब्लॉकखाली पहार घातली. जोर लावला. नाही हलला. बनियन घामाने भिजलं. दुसऱ्या बाजूने लावला. दात-ओठ खाल्ले. नाही! विनिताचा नवरा पुढे झाला तर ओरडले, "लांब ऱ्हवा, पहार लागात!" कोणाला जवळ येऊ दिलं नाही. चौकभर माणसं. चंद्रप्रकाशभाऊ म्हणतात, "मी म्हटलं नव्हतं? गूळ!" (म्हटलं नव्हतं. उलटंच म्हटलं होतं.)

शेवटी पहार टाकली, जमिनीवर बसले आणि हसायलाच लागले. "हलना नाय गो. मरांदे!"

तिथूनच केतनला फोन. मी ऐकत होते. "बाळा, पाडव्याच्या दिवशी वाईट वाटून घेऊ नकोस. घर नाही देता येत. बॉर्डर निघत नाही." पलीकडून बिचारा म्हणत असणार, काका, राहू द्या की बॉर्डर, आम्हाला तीच आवडली. तर हे म्हणतात, "ती बायकोची आहे. ती टाकून मी जाणार कसा? तू दुसरं घर बघ, त्याला अशीच बॉर्डर मी येऊन घालून देतो. पोराच्या बारशाच्या आधी." एजंटचाही फोन आला. त्याचा आवाज चार घरांपर्यंत गेला. ह्यांनी फोन कानापासून लांब धरला, संपल्यावर "हॅपी दिवाळी" म्हणाले आणि ठेवला.

मग माझ्याकडे बघून, "आता हयच ऱ्हवाचा लागतला."

विनिताने शिट्टी मारली. खरोखरची, दोन बोटं घालून!

संध्याकाळी ह्यांना ओवाळलं. ताटात काय घालणार, आणलंच नव्हतं काही. खिसे चाचपले, खडू निघाला. तोच ठेवला. मी ताट खाली ठेवलं आणि इतकी हसले की निरांजन विझलं. परत लावलं.

गुळाने राखलं घर माझं. असं जगात कुठे झालं असेल का?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी दारात रांगोळी घालून उठताना पहिल्या गुळाच्या ब्लॉकवर हात टेकला. तो हलला. दोन्ही हातांनी धरला, अलगद वर आला. खाली पहारेचा एक ओरखडा नाही.

आत हे चहा टाकत होते. गुणगुणत.

ब्लॉक परत जागेवर ठेवला. माती लोटली, पायाने दाबली, वर तांब्याभर पाणी ओतलं.

"काय गो, काय करतंस थंय?"

"काही नाही. घट्ट आहे का बघत होते."

"मगे?"

"हलना नाय," म्हटलं.